फळीवरचा शेवटचा जोड

मी डावा बोलतोय. डावा गमबूट. उजवा इथंच शेजारी, दारामागच्या खुंटीवर माझ्यासारखाच उलटा टांगलेला आहे, पण तो जन्माचा अबोल. दोघांच्या वाट्याचं बोलणं माझ्याच रबरात ओतलं गेलं असावं. तेव्हा मी जे सांगणार आहे त्याला साक्षीदार म्हणून तोच. हवं तर विचारून बघा. तो 'नाही' म्हणणार नाही.

माझा जन्म तापलेल्या साच्यात झाला. तेव्हा जो वास सुटला तो अजून अंगाला आहे. माणसं नाक मुरडतात. मी मनाला लावून घेत नाही, कारण पाय आत घातल्यावर त्यांच्याकडून जो वास येतो त्याबद्दल मी आजवर चकार शब्द काढलेला नाही. कारखान्यातून निघालो तो थेट दुकानात आलो. दोघांना एकाच सुतळीनं बांधून छताच्या हुकाला लटकवलं. खाली गिऱ्हाइकं यायची, वर बघायची आणि सँडल घेऊन जायची.

मग एक दिवस तात्या आले. उंच, वाकलेले, आणि पाय एवढे मोठे की दुकानदारानं आधी पायांनाच नमस्कार केला असता. त्यांनी आम्हाला खाली उतरवलं, घातलं, जागच्या जागी दोनदा आपटलं.

"पाणी आत शिरणार नाही ना?"

"नावच काढू नका."

"आणि एका जागची माती दुसरीकडे जाईल?"

दुकानदार बुचकळ्यात पडला. "तात्या, लोक बूट मापानं घेतात. मातीनं घेणारे तुम्ही पहिले."

"धुतली की माती सुटली पाहिजे. सगळी. खाचेत कणभरही राहायला नको." आणि तात्यांनी दुकानातले होते नव्हते ते सगळे गमबूट उचलले. त्यांतले सगळ्यात मोठे आम्ही. आमच्या काठाला त्यांनी पिवळा पट्टा रंगवला आणि आम्हाला स्वतःसाठी ठेवलं.

आता तुम्ही म्हणाल, एवढे गमबूट कशाला? तर वस्तीच्या वरच्या अंगाला एक रान आहे. लहानसंच. त्यात जी झाडं आहेत ती जगात दुसरीकडे कुठेही नाहीत. शास्त्रज्ञांनी त्यांना जिभेला गाठ पडेल असं नाव दिलंय. वस्ती त्यांना 'मुकी झाडं' म्हणते. काळं खोड, आणि पानं कानाच्या पाळीसारखी जाड, लव असलेली. कितीही वारा सुटू दे, अख्खं झाड डोलतं, पण आवाज म्हणून होत नाही. खालून बघितलं तर कोणीतरी खिडकीच्या काचेपलीकडून बोलतंय असं वाटतं. आत गेलं की माणसाचा आवाजही दोन झाडांपलीकडे जात नाही. पाखरं आत येतात ती चोच मिटून.

हे रान ना सरकारचं, ना कोण्या एकाचं. वस्तीचं. कोणी वाटा नीट करतं, कोणी ओहोळातला पाला काढतं, कोणी पाहुण्यांना फिरवतं. सगळं वाटून घेतलेलं. पाहुण्यांना मज्जाव नाही. पण पाहुण्यांच्या बुटांना आहे. कारण एकदा कोणाच्या तरी तळव्याला चिकटून बाहेरची माती आली, मातीतून मुळं कुजवणारा रोग आला, आणि उताराच्या खालच्या अंगाची झाडं उभ्या उभ्या वाळली. पडली नाहीत. अजून उभी आहेत. पांढरी.

तेव्हापासून तात्यांचा नियम. फाटकाशी ओसरी आहे, तिथं लांब फळी. आपलं पायताण काढायचं, फळीवर ठेवायचं, रानाचे गमबूट घालायचे. परत आल्यावर गमबूट औषधाच्या पाण्यात बुडवायचे, खुंटीला टांगायचे, आपलं पायताण घालून घरी जायचं. आत कोण गेलं याची लेखी नोंद कुठेच नाही. धुक्यानं कागदाचा लगदा होतो. फळी हीच नोंद. "फळीवर एक जरी जोड असेल," तात्या म्हणायचे, "तर कोणीतरी आत आहे. मग फाटकाला कुलूप लागणार नाही. फळी रिकामी, मगच कुलूप."

आणि शेवटची फेरी तात्यांची. रोज दिवस मावळताना ते आपल्या चपला फळीवर काढून आम्हाला घालायचे आणि रानातून एक चक्कर मारायचे, येताजाता प्रत्येक झाडाला हात लावत. परत आले की चपला घालून घरी. त्यांच्या चपलांचा आवाज वस्तीत लहान पोरंही ओळखायची. उजव्या चपलेच्या टाचेला खिळा ठोकलेला होता. त्यामुळे चालताना डावी म्हणायची 'चट्' आणि उजवी 'टिक्'. चट्-टिक्, चट्-टिक्. हा आवाज लक्षात ठेवा.

मी माणसं पायांवरून ओळखतो. तोंडानं माणूस म्हणतो, "छे, कसली भीती!" आणि आत त्याची बोटं अशी आखडतात की माझं अस्तर गोळा होतं. मुक्या रानात सगळ्यांची आखडतात. फक्त तात्यांची नाही. त्यांची बोटं रानात शिरली की पसरायची, घरी आल्यासारखी.

मग ती संध्याकाळ.

रानाच्या मधोमध सगळ्यांत जुनं झाड आहे. पाचसहा माणसांनी हात धरले तरी कवेत मावणार नाही असं. त्याची पानं त्या दिवसांत पिवळी पडायला लागली होती. तात्या त्याच्यासमोर बराच वेळ उभे राहिले. मग म्हणाले, "बुटाचं ओझं मुळांवर नको." त्यांनी आम्हाला काढलं, शेजारी शेजारी ठेवलं, आणि अनवाणी, खोडावर हात टेकवत, झाडाला वळसा घालायला निघाले.

एका बाजूनं गेले. दुसऱ्या बाजूनं आले नाहीत.

मी वाट बघितली. उजव्यानंही बघितली. हे मी मीठमसाला लावून सांगत नाहीये. एरवी लावतो, इथं नाही. वस्तीनं रान पिंजून काढलं. मोठं नाही हो ते रान, हरवायला जागाच नाही. सापडलो ते आम्ही दोघं. आणि ते जुनं झाड? पुढच्या पालवीला हिरवंगार झालं.

तात्यांच्या घरच्या, ज्यांना सगळे काकू म्हणतात, त्या तेव्हापासून फाटकावर बसतात. त्यांनी दोनच गोष्टी केल्या. आम्हाला पाहुण्यांच्या खुंट्यांवरून काढून ओसरीवरच्या खोलीच्या दारामागे टांगलं. आणि तात्यांच्या चपला फळीच्या टोकाला होत्या तशाच राहू दिल्या. रान सांभाळणाऱ्या वस्तीच्या समितीला नियम तोंडपाठ होता. फळीवर जोड आहे, म्हणजे कुलूप नाही. फाटकाला नुसती कडी लागू लागली. कोणाची हिंमत झाली नाही बोलायची.

आता जे सांगतो त्यावर विश्वास ठेवा, नाही तर ठेवू नका, माझं रबर काही झिजत नाही. कधी कधी संध्याकाळ कलली की दारामागे आमच्यात पाय शिरतात. वजन नसतं. पायही नसतो म्हणा. पण ऊब असते, आणि बोटं पसरतात. मग आम्ही फेरी मारून येतो. सकाळी काकू येतात, पहिलं काम म्हणजे माझ्यात हात घालतात. ऊब लागली तर तळव्याला चिकटलेलं पान काढतात, आम्हाला धुतात, आणि चहा जरा गोड करून पितात.

असं चाललं होतं. पण फाटकाजवळचं एक झाड पिवळं पडलं.

समितीचे सेक्रेटरी म्हणजे तात्यांचे धाकटे भाऊ, काकूंचे दीर. गमत्या माणूस, पाहुण्यांना हसवून हसवून बुटांत उतरवणारा. पण त्या दिवशी आले ते चेहरा उतरलेला.

"वहिनी, वाटेवर बुटांचे ठसे आहेत. शहरी बुटांचे. अंधार पडताना कोणीतरी कडी काढून आत शिरतंय."

"मग पकडा त्याला."

"कोणाकोणाला पकडू? कुलूप लावावं लागेल."

काकू गमबूट धूत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "फळीवर जोड आहे, भाऊजी."

"तेच म्हणतोय. तो जोड आता..." सेक्रेटरींनी फळीवरून नजर काढली. "वहिनी, दादाचीच झाडं आहेत ना ही? तुमच्या वाट बघण्यापायी ती वाळू द्यायची का?"

काकूंनी हातातला गमबूट औषधाच्या पाण्यात पुन्हा बुडवला.

"न्या," काकू म्हणाल्या. "पण घरी येताना त्यांनी पायात काय घालायचं, ते तुम्ही सांगा."

सेक्रेटरींनी चपला उचलल्या, रुमालात गुंडाळल्या, खाली समितीच्या कचेरीत नेऊन कपाटात ठेवल्या आणि किल्ली कमरेला लावली. काकू दुपारीच घरी निघून गेल्या. फाटकावर सेक्रेटरी बसले.

आणि नेमकी त्याच दुपारी ती पोरगी आली.

एकटी होती. पायांत नवेकोरे पांढरे बूट, आणि पाय चांगले दणकट. तिनं बूट फळीवर ठेवले. शेजारी एका सहलीतल्या बायकांच्या नाजूक सपाता. सेक्रेटरींना दुःखातही गंमत सुचली. "अरे वा! ह्या होड्या कोणाच्या? ओहोळाला पाणी आलं वाटतं!"

सगळी सहल खदाखदा हसली. पोरगीही हसली, पण कानापर्यंत लाल झाली. सेक्रेटरी सहलीला झाडांची माहिती सांगायला वळले, तसे तिनं गुपचूप आपले बूट उचलून पाठीवरच्या पिशवीत कोंबले. मग गमबूट शोधायला लागली. खुंट्यांवरचे एकही पायात जाईनात. दार ढकललं, दारामागे आम्ही.

तिनं पाय घातला आणि दचकली. "ई, गरम का लागतंय?" पण माप बरोबर बसलं होतं. बिचारीला आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी सैल झालं असावं. ती निघाली.

बघा, कसं जुळून आलं. फळीवर तिचा जोड नाही. पाहुण्यांच्या खुंट्यांवर एकही जागा मोकळी नाही. सहल परत आली, सपाता घालून गेली. सेक्रेटरींनी फळी बघितली: या टोकापासून त्या टोकापर्यंत रिकामी. "होड्याही गेल्या," ते स्वतःशीच म्हणाले, आणि कित्येक वर्षांनी फाटकाला कुलूप लावलं. लावून दोनदा ओढून बघितलं, हे मला नंतर कुलपानं सांगितलं.

आत धुकं उतरत होतं. पोरगी जुन्या झाडापाशी उभी होती. परतायला वळली तर वाट नाही. चारी बाजूंना सारखीच काळी खोडं, आणि पानं हलतायत, आवाज नाही. "कोणी आहे का?" तिनं हाक मारली. हाक तिच्या ओठांपाशीच विझली. मोबाईल काढला, तो तर बाहेरही मुकाच असतो. बोटं आखडली. मला वाटलं अस्तर फाटतंय आता.

मग तिला वाटलं, झाडाच्या पलीकडे उजेड आहे. खोडाच्या कडेनं दिसायचा, नीट बघायला गेलं की आणखी थोडा पलीकडे सरकायचा. तिनं खोडावर हात टेकवला. वळसा घालायला एक पाऊल टाकलं.

मी रुतलो. मुद्दाम. होता नव्हता तेवढा जोर लावून चिखलात रुतलो, आणि उजव्यानं जन्मात पहिल्यांदा माझं ऐकलं, तोही रुतला. तिनं ओढून बघितलं. निघेना. मग ती वाकली, आणि पाय बुटातून बाहेर काढायला लागली.

अनवाणी. पुन्हा तेच. टाच वर आली, पोटरी मोकळी झाली, आणि मला ओरडायचं होतं, पण बोंब मारायला गमबुटाला काठ असतो, कंठ नसतो.

तेवढ्यात मागून आवाज आला.

चट्-टिक्.

ज्या रानात पानाचा आवाज होत नाही, जिथं बाहेरचं पायताण कधी शिरत नाही, तिथं. चट्-टिक्. चट्-टिक्. पोरगी गर्रकन वळली. कोणी नव्हतं. आवाज थोडा पुढे गेला आणि थांबला. आपण मागे येतोय का हे बघायला माणूस थांबतो ना, तसा. तिची टाच परत माझ्यात टेकली. मी चिखल सोडला.

चट्-टिक् पुढे, आम्ही मागे. ओहोळावरून, वाळलेल्या पांढऱ्या झाडांच्या बाजूनं, पिवळ्या पडलेल्या झाडाशी आवाज जरा रेंगाळला, आणि पुन्हा निघाला. धुक्यातून फाटक दिसलं. आवाज फाटकातून पलीकडे गेला. फाटक उघडलं नाही. कुलूप होतं तसंच.

पोरीनं गज धरून हलवले, ओरडली. रानाच्या बाजूनं आवाज पोचतोय कुठला? पलीकडे ओसरीवर काकू उभ्या होत्या, हातात केरसुणी. घरी जीव रमला नसेल, झाडायला म्हणून आल्या असतील. त्या फाटकाकडे बघतच नव्हत्या. फळीकडे बघत होत्या.

फळीच्या टोकाला जोड होता.

"भाऊजी!" काकूंनी अशी हाक मारली की सेक्रेटरी कचेरीतून अर्धा चहा सांडत धावत आले. "चपला परत आणून ठेवायच्या होत्या तर नेल्या कशाला?"

"मी? वहिनी, कपाट बंद आहे." त्यांनी कमर चाचपली. "किल्ली ही काय!" मग त्यांनीही फळी बघितली, आणि किल्ली हातातून खाली पडली.

"कुलूप काढा," काकू म्हणाल्या.

"आत कोणी नाहीये, वहिनी. मी स्वतः बघून..."

"फळीवर जोड आहे."

"पण तो तर दादाचा..."

"नियमात कोणाचा जोड ते लिहिलंय का? कुलूप काढा!"

कुलूप निघालं. धुक्यातून ती पोरगी बाहेर पडली, ती सरळ काकूंच्या अंगावर. दात वाजत होते. "ते कुठे गेले? पुढे चालत होते ते? चपलांचा आवाज येत होता..." सेक्रेटरींची नजर आधी तिच्या चेहऱ्यावर गेली, मग पायांकडे. पिवळा पट्टा बघितला आणि ते ओसरीच्या पायरीवर मटकन बसले. नंतर कितीतरी वेळ ते त्या पोरीची माफी मागत होते, होड्या म्हटल्याबद्दल. तिला कळेना की हा माणूस बुटांवरून का रडतोय.

काकूंनी तिला पाणी दिलं, शाल दिली, बसवलं. मग फळीपाशी गेल्या. चपला ओल्या होत्या. तळव्यांना रानातला काळा चिखल, आणि डावीच्या पट्ट्यात एक मुकं पान अडकलेलं. काकूंनी ते पान हातात घेतलं, आणि जे बोलल्या ते मी जसंच्या तसं सांगतो.

"शाब्बास! जगाला नियम सांगायचे, आणि आपण बाहेरच्या चपला घालून रानात हिंडायचं! लाज नाही वाटत? तुम्हीच केलेला नियम ना? इतकी वर्षं मी एका माणसाला जाऊ दिलं नाही आत चपलांनी. आणि तुम्ही!"

बोलता बोलता त्यांनी चपला औषधाच्या पाण्यात बुडवल्या. ब्रश घेतला. घासल्या, पुन्हा बुडवल्या, पुन्हा घासल्या. डोळ्यांतून पाणी गळत होतं, पण हात थांबला नाही. खिळ्याभोवतीची माती काडीनं उकरून काढली. मग पदरानं कोरड्या केल्या आणि फळीच्या टोकाला ठेवल्या, टाचा रानाकडे करून, म्हणजे बाहेर आलेल्या माणसाला पाय सरकवायला सोपं.

"कुलूप?" सेक्रेटरींनी हळूच विचारलं.

"माणसं बसवा," काकू म्हणाल्या.

तेव्हापासून कुलूप खिळ्याला टांगलंय, गंजतंय. संध्याकाळी आळीपाळीनं एका घरातलं कोणीतरी ओसरीवर बसतं, गप्पा मारत, पायांवर नजर ठेवून. शहरी बुटांचा चोरटा पाहुणा दुसऱ्याच आठवड्यात सापडला. सेक्रेटरींनी त्याला सगळ्यांचे गमबूट धुवायला लावले. फाटकाजवळचं ते झाड अजून पिवळंच आहे. सुधारेल किंवा नाही, सांगता येत नाही. कोणी त्याच्याभोवती फिरत नाही, एवढं खरं.

ती पोरगी वर्षातून एकदा येते. होड्या फळीवर ठेवते, सगळ्यांना दिसतील अशा.

आणि मी? मला आता तळव्याला चीर गेली आहे. पाणी आत येतं, म्हणजे मातीही येणार, म्हणून पाहुण्यांसाठी मी बाद. नवे गमबूट आले तेव्हा मला टाकून देणार होते. काकूंनी माझ्यात हात घातला आणि म्हणाल्या, "राहू दे. ह्याला काम आहे." उजवा अजून धडधाकट आहे, पण तो माझ्याशिवाय कुठे जाणार?

तुम्ही कधी त्या ओसरीवर आलात तर एवढं करा. आपलं पायताण फळीवर ठेवा, कसंही असो, लपवू नका. आत गेलात तर जुन्या झाडाला लांबून नमस्कार करा, वळसा घालू नका. आणि दिवस कलला, धुकं उतरलं, पुढे कोणी दिसत नसताना चट्-टिक् ऐकू आलं, तर घाबरून उलटं पळू नका. मुकाट मागे या. फाटकापाशी पोचलात की काकूंना मात्र आवाजाबद्दल काही सांगू नका.

चपला पुन्हा घासायला घेतील, आणि हल्ली त्यांचे हात दुखतात.